सकाळी हिरवा, रात्री लाल: पडणाऱ्या बिल्डचा तपास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जेंकिन्सवर, म्हणजे कोड आपोआप कंपाइल करून तपासणाऱ्या सर्व्हरवर, रात्री बरोबर १२ वाजता सुरू होणारा तुमचा बिल्डचा जॉब आठवड्यातून दोन-तीनदा पडतो. लॉगच्या शेवटी कधी 'एक्झिट कोड १३७' (प्रक्रिया संपताना देते तो आकडा) दिसतो, कधी नुसता १. सकाळी कुणीतरी ऑफिसात येऊन 'बिल्ड नाऊ' दाबतं आणि तोच जॉब हिरवा होतो. वरिष्ठ सांगतात, 'सोड रे, रीरन कर.' तुम्ही टीममध्ये नवीन आहात, तुम्हाला हे पटत नाही, पण नेमकं कुठून शोधायला लागायचं ते कळत नाही.

तुम्हाला हे पटत नाही, ते बरोबरच आहे. मी पंधराएक वर्षं बिल्ड सर्व्हर सांभाळतोय आणि रोज रीरन करून चालवून नेलेला जॉब शेवटी नेमका रिलीजच्या रात्री अडतो, हे बऱ्याचदा पाहिलं आहे. शिवाय रोजच्या रीरनने टीमची एक सवय बिघडते. लाल रंग दिसला की 'असेल काहीतरी नेहमीचं' असं वाटू लागतं. मग ज्या दिवशी खरोखर कोडमध्ये चूक असते, त्या दिवशीही कुणी लॉग उघडत नाही.

सकाळी पास होणं ही तपासातली मोठी खूण आहे. एकच कोड रात्री पडतो आणि सकाळी चालतो, म्हणजे दोन वेळांमध्ये कोडच्या भोवतीचं काहीतरी वेगळं आहे. आधी मात्र खात्री करून घ्या की कोड खरंच एकच होता. दोन्ही बिल्डच्या पानांवर कमिटचा हॅश (कोडच्या त्या नोंदीची ओळखखूण) असतो, तो जुळवून पाहा. रात्री साडेअकराला कुणी चूक पुश केली आणि सकाळी आठला गुपचूप दुरुस्त केली, असंही होतं. अवलंबित लायब्ररींपैकी एखादी 'स्नॅपशॉट' आवृत्तीची, म्हणजे नाव तेच ठेवून आतून बदलत राहणारी असेल, तर कमिट एकच असूनही बिल्ड वेगळा होऊ शकतो. हॅश जुळले, स्नॅपशॉट नाहीत, तरच पुढे चला. त्यानंतर प्रश्न एकच उरतो: रात्री १२ वाजता असं काय असतं, जे सकाळी साडेनऊला नसतं?

हा प्रश्न सुटण्याआधी रीरन दाबलं तर उत्तर पुसलं जातं, म्हणून ते बटण सगळ्यात शेवटी. कन्सोलचा लॉग जेंकिन्स जपून ठेवतो, पण बाकीचं बरंच काही जातं. त्याच एजंटवर (जॉब प्रत्यक्ष चालवणाऱ्या यंत्रावर) जॉब पुन्हा चालला की वर्कस्पेसमधल्या, म्हणजे जॉबच्या कामाच्या फोल्डरमधल्या फायली बदलतात, चाचण्यांचे जुने अहवाल पुसले जातात. एजंट कंटेनर किंवा पॉड, म्हणजे कामापुरता उभा केलेला बंदिस्त डबा असेल तर तो कामानंतर नाहीसाच होतो. लिनक्स कर्नलच्या नोंदी ठराविक आकाराच्या जागेत साठतात आणि नव्या नोंदी जुन्यांना बाहेर ढकलतात. म्हणून पडलेल्या बिल्डच्या पानावर आधी 'कीप धिस बिल्ड फॉरएव्हर' दाबा, म्हणजे जुने बिल्ड काढून टाकणारी व्यवस्था त्याला हात लावणार नाही. मग कागदावर तीन गोष्टी उतरवा: जॉब कोणत्या एजंटवर चालला, किती वाजता सुरू झाला, किती वाजता पडला. एजंटचं नाव लॉगच्या सुरुवातीला 'रनिंग ऑन' या शब्दांपुढे असतं. टाइमस्टॅम्पर प्लगइन सुरू नसेल तर ते आजच सुरू करा. वेळ न छापणारा लॉग तपासाच्या अर्ध्याच कामाचा.

महिनाभरात पडलेल्या सगळ्या बिल्डच्या या तीन गोष्टी एका तक्त्यात मांडल्या, तर पुष्कळदा तपास तिथेच निम्मा होतो. सगळे एकाच एजंटवर पडलेत का? सगळे सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांतच पडलेत का? फक्त महिन्याच्या १ तारखेला किंवा सोमवारी पडलेत का? मी एकदा असा तक्ता केला, तेव्हा सोळापैकी चौदा अपयशं एकाच यंत्रावरची निघाली. त्या यंत्राची डिस्क शेवटच्या घटका मोजत होती, आणि आम्ही दोन आठवडे कोड चाळत बसलो होतो.

आता लॉग. लॉग उघडला की नजर शेवटच्या लाल ओळीवर जाते. ती ओळ सहसा परिणाम असते, कारण तिच्या बरंच वर असतं. जेंकिन्सच्या पाइपलाइनमध्ये (टप्प्याटप्प्यांत लिहिलेल्या जॉबमध्ये) तर ही फसगत हमखास होते. मुख्य टप्पा पडल्यावरही 'पोस्ट' भागातली कामं चालतात. तिथे चाचण्यांचे अहवाल गोळा करणारी पायरी असते आणि चाचण्या चाललेल्याच नसल्यामुळे ती 'नो टेस्ट रिपोर्ट फाइल्स वेअर फाउंड. कॉन्फिगरेशन एरर?' असं विचारते. नवा माणूस त्या प्रश्नचिन्हाच्या मागे लागतो आणि अहवालाच्या फोल्डरचा पत्ता तपासण्यात दिवस घालवतो. फोल्डरचा पत्ता बरोबरच असतो. अहवाल तयार होण्याआधीच प्रक्रिया मेलेली असते. म्हणून शेवटापासून वर सरकत जा आणि वेळेने सगळ्यात आधी जी ओळ 'असं व्हायला नको होतं' असं सांगते, तिथे थांबा. समांतर टप्पे असतील तर ओळी एकमेकींत मिसळतात, तेव्हा त्या-त्या टप्प्याचा लॉग वेगळा उघडून वाचा. 'मेक' हे बिल्डचं साधन एकाच वेळी अनेक कामं चालवत असेल, तर खरी चूक शेकडो ओळी वर राहिलेली असते, कारण सुरू झालेली बाकीची कामं संपेपर्यंत ते थांबतं.

जेंकिन्सच्या निकालांमध्येही फरक आहे. लाल म्हणजे फेल, पिवळा म्हणजे अनस्टेबल, करडा म्हणजे कुणीतरी किंवा कशानेतरी मध्येच थांबवलेला. पिवळ्या बिल्डमध्ये कोड कंपाइल झालेला असतो, सहसा चाचण्या पडलेल्या असतात. हे तीन रंग एकाच माळेत ओवू नका, कारण तिघांचा तपास वेगळा असतो. जुन्या जेंकिन्समध्ये यशाचा गोळा निळा असायचा. जेंकिन्स बनवणारे कोहसुके कावागुची जपानचे, आणि जपानमध्ये सिग्नलच्या हिरव्या दिव्याला निळा म्हणायची रीत आहे.

आता तुमच्या १३७ कडे येऊ. लिनक्समध्ये एखादी प्रक्रिया सिग्नलने मारली गेली, तर शेल तिचा एक्झिट कोड १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक असा दाखवतं. १३७ मधून १२८ वजा केले की ९ उरतात. ९ क्रमांकाचा सिग्नल म्हणजे सिगकिल. तो कोणत्याही प्रक्रियेला अडवता येत नाही, आवराआवर करायलाही वेळ मिळत नाही. याच हिशोबाने १४३ म्हणजे १५ क्रमांकाचा, 'कृपया थांब' असं सांगणारा सिग्नल, जो जॉब रद्द केल्यावर दिसतो. १३९ म्हणजे ११, सेगमेंटेशन फॉल्ट. सिग्नलशी संबंध नसलेले दोन कोडही लक्षात ठेवा. १२७ म्हणजे कमांड सापडलीच नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवायची परवानगी नाही. १२७ आला तर बहुधा तुमच्या लॉगिनमध्ये असलेला पाथ जेंकिन्सच्या शेलमध्ये नसतो. एजंटचं शेल संवादी नसतं, त्यामुळे तुमच्या बॅशआरसी फाइलमधल्या ओळी तिथे गृहीत धरता येत नाहीत. 'माझ्या लॅपटॉपवर तर चालतं' या वाक्याचा निम्मा उगम तिथे आहे.

सिगकिल कुणी पाठवला? यंत्राची मेमरी संपत आली की कर्नलचा ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर जागा होतो, एक प्रक्रिया निवडतो आणि मारतो. बिल्ड सर्व्हरवर तो बळी बहुतेकदा जावाचा असतो, कारण सगळ्यात जास्त मेमरी तोच धरून बसलेला असतो. याची नोंद बिल्डच्या लॉगमध्ये नसते, कर्नलच्या लॉगमध्ये असते. एजंटवर जाऊन 'डीमेसेज' ही कमांड मोठा टी हा पर्याय लावून चालवा, म्हणजे वेळ वाचता येईल अशी दिसते. त्यात 'किल्ड प्रोसेस' शोधा. कुबरनेटीसवर (कंटेनर सांभाळणाऱ्या व्यवस्थेवर) पॉडच्या तपशिलात 'ओओएमकिल्ड' असं सरळ लिहिलेलं असतं. नोंदीची वेळ आणि तुमचा जॉब पडल्याची वेळ जुळली, तर मारेकरी सापडला.

पण १३७ दिसला की मेमरीच, असं धरून चालू नका. 'डॉकर स्टॉप' आधी सौम्य सिग्नल पाठवतो आणि ठरलेल्या मुदतीत कंटेनर थांबला नाही तर सिगकिल देतो. तेव्हाही १३७ च दिसतो. जॉबवर वेळेची मर्यादा असेल आणि ती संपली असेल, तर लॉगमध्ये त्याची ओळ असते, तीही पाहा.

दुसरी गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी आहे. तुम्ही १३७ आणि १ या दोन वेगळ्या तक्रारी समजताय. त्या एकच असू शकतात. मेवन या जावाच्या बिल्ड साधनात चाचण्या मुख्य प्रक्रियेत चालत नाहीत. त्यासाठी शुअरफायर प्लगइन वेगळी जावा प्रक्रिया काढतं. ओओएम किलरने या पोटच्या प्रक्रियेला मारलं, तर मेवन स्वतः जिवंत राहतं, आपलं पोर परत आलं नाही एवढंच त्याला कळतं. मग तो 'द फोर्क्ड व्हीएम टर्मिनेटेड विदाउट प्रॉपरली सेइंग गुडबाय' असं छापून एक्झिट कोड १ देऊन थांबतो. मुख्य प्रक्रियाच मारली गेली तर १३७. ज्या रात्री १ आला, त्या लॉगमध्ये हे वाक्य शोधा. सापडलं, तर दोन्ही रात्रींचं दुखणं एकच आहे. याउलट लॉगमध्ये जावाचा स्वतःचा 'आउटऑफमेमरीएरर' असेल, तर यंत्राची मेमरी संपलेली नाही, जावाला दिलेली हीपची (प्रोग्रामच्या डेटासाठी राखलेल्या मेमरीची) मर्यादा संपलेली आहे. पहिल्या प्रकारात हीप वाढवली तर आगीत तेल ओतल्यासारखं होईल, दुसऱ्या प्रकारात तोच उपाय लागू पडू शकतो. ही गल्लत मी स्वतः एकदा केली होती. हीप २ जीबीवरून ४ जीबी केली आणि रोज एकदा पडणारा जॉब रोज तीनदा पडू लागला.

मेमरीचा हिशोब कागदावर करा. समजा एजंट ८ जीबीचा आहे आणि त्यावर ३ एक्झिक्युटर ठेवलेत, म्हणजे एका वेळी तीन जॉब. प्रत्येक जॉबमध्ये एक मेवन, एक चाचण्यांची जावा प्रक्रिया, फ्रंटएंड असेल तर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची एक. जावाच्या प्रक्रियेला हीप २ जीबी दिली तरी ती त्याहून जास्त जागा घेते, कारण मेटास्पेस (क्लासची माहिती), थ्रेडचे स्टॅक आणि कंपाइल झालेला कोड हीपच्या बाहेर असतात. तिन्ही जॉब एकाच वेळी ऐन भरात आले की ८ जीबी पुरत नाहीत. एकटा जॉब मात्र आरामात बसतो. ग्रेडल या मेवनसारख्या साधनात डेमन (मागे चालू राहणारी प्रक्रिया) वेगळा, चाचण्यांचे वर्कर वेगळे. आवृत्ती ५.० पासून दोघांची मूळ मर्यादा ५१२ एमबी आहे, पण प्रकल्पाच्या फाइलमध्ये कुणीतरी ती वाढवलेली असते आणि ते कुणाच्या लक्षात नसतं. कंटेनरमध्ये जुना जावा ८ वापरत असाल तर आणखी एक सापळा. अपडेट १९१ च्या आधीचा जावा ८ कंटेनरची मेमरी मर्यादा आपणहून ओळखत नाही, तो आख्ख्या यंत्राची मेमरी आपलीच समजून त्या प्रमाणात हीप ठरवतो.

मग हे रात्री १२ लाच का? आता वेळापत्रक उघडा. तुमच्या जॉबच्या ट्रिगरमध्ये बहुधा दोन शून्यं आणि तीन तारे असतील, म्हणजे रोज ० वाजून ० मिनिटांनी. तुमच्या शेजारच्या टीमच्या जॉबमध्येही तेच असेल, कारण 'रात्री लावून टाक' म्हटलं की प्रत्येकाच्या हातून तेच लिहिलं जातं. १२ चे ठोके पडले की वीस-पंचवीस जॉब एकदम उठतात, सगळे एक्झिक्युटर भरतात, आणि वर हिशोब केलेली मेमरीची टंचाई तेव्हाच पडते. सकाळी साडेनऊला तुमचा जॉब एकटा असतो, म्हणून चालतो. जेंकिन्सने यासाठीच क्रॉनच्या (वेळापत्रक लिहायच्या) चिन्हांत एच हे अक्षर दिलं आहे. मिनिटाच्या जागी एच लिहिलं की जेंकिन्स जॉबच्या नावावरून एक ठराविक मिनिट निवडतो, म्हणजे जॉब पसरतात आणि प्रत्येकाची वेळ रोज तीच राहते. '@मिडनाइट' असं लिहिलं, तर जेंकिन्स रात्री १२ ते २ वाजून ५९ मिनिटं यांच्या दरम्यानची एखादी वेळ निवडतो. एवढा एका अक्षराचा बदल केला आणि महिनाभराचा त्रास संपला, असं मी दोन ठिकाणी पाहिलं आहे. एक्झिक्युटर तीनावरून दोनावर आणणं हाही सरळ उपाय आहे. थोडं थांबावं लागलं तरी चालतं, मेलेल्या बिल्डपेक्षा रांग बरी.

रांगेवरून एक छोटी गोष्ट. जॉब पडलेलाच नसतो, तो सुरूच झालेला नसतो, असंही होतं. 'वेटिंग फॉर नेक्स्ट अव्हेलेबल एक्झिक्युटर' दिसलं तर यंत्र भरलेली आहेत. त्या लेबलचे सगळे नोड (इथे नोड म्हणजे यंत्रं) ऑफलाइन असल्याचा संदेश दिसला तर एजंटकडे जा, जॉबच्या स्क्रिप्टला हात लावू नका.

मेमरीचा पुरावा मिळाला नाही, तर रात्र आणि सकाळ यांतला दुसरा मोठा फरक तारीख. हे दुखणं आपल्याकडे भारतात खास जपून पाहावं लागतं, कारण आपण यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे आहोत. रात्री १२ ते पहाटे साडेपाच या वेळेत आपल्याकडे समजा ५ तारीख असते आणि यूटीसीत अजून ४. डॉकरचे बहुतेक कंटेनर यूटीसीवर चालतात. डेटाबेस किंवा एजंटचं यंत्र मात्र भारतीय वेळेवर लावलेलं असू शकतं. एका बँकिंग प्रकल्पात आमची एक चाचणी होती: आज नोंदवलेला व्यवहार आजच्या यादीत दिसला पाहिजे. व्यवहाराची तारीख डेटाबेस घालायचा, यादी मागणारा जावाचा कोड 'आज' कोणती तारीख ते कंटेनरला विचारायचा. रात्री साडेबाराला डेटाबेस म्हणायचा ५, कंटेनर म्हणायचा ४, आणि यादी रिकामी. सकाळी साडेपाच उलटले की दोघांचं एकमत व्हायचं. कितीतरी आठवडे ती चाचणी आम्ही 'कधीकधी पडणारी' म्हणून सोडून दिली होती. ती कधीकधी पडत नव्हती, दर वेळी पडत होती. फक्त ती त्या साडेपाच तासांत रोज चालत नव्हती, कारण जॉबला कधी पहाटे सहापर्यंत रांगेत थांबावं लागायचं.

हा दोष सापडला तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण तो चाचणीतला नव्हता, प्रॉडक्टमधला होता. मध्यरात्रीनंतर पैसे पाठवणाऱ्या खऱ्या ग्राहकाला आपला व्यवहार यादीत दिसला नसता. बिल्ड सर्व्हर रोज रात्री ओरडून तेच सांगत होता. म्हणून सांगतो, यावर उपाय म्हणून चाचणी सकाळी हलवू नका. कोडमध्ये घड्याळ बाहेरून देता येईल अशी सोय करा, चाचणीत रात्री साडेबाराची वेळ मुद्दाम घाला, आणि कोणत्या टाइमझोनमध्ये काय साठवायचं ते एकदा ठरवून टाका. जॉबच्या वेळापत्रकाचा टाइमझोनही तपासा. जेंकिन्सचा मुख्य सर्व्हर यूटीसीवर असेल, तर दोन शून्यांचा जॉब आपल्याकडे पहाटे साडेपाचला उठतो. वेळापत्रकाच्या पहिल्या ओळीत टीझेड, मग बरोबरचं चिन्ह, मग एशिया/कोलकाता असं लिहून ते बदलता येतं. याच कुळातली दुसरी चाचणी ३१ मार्च आणि १ एप्रिलला पडते, आर्थिक वर्ष बदलताना.

तिसरा फरक डिस्कचा. रात्री सगळे जॉब एकदम चालतात तेव्हा तात्पुरत्या फायलींनी डिस्क भरते, सकाळपर्यंत सफाई झालेली असते. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' हा संदेश स्पष्ट आहे, पण त्याचा एक प्रकार भल्याभल्यांना चकवतो. 'डीएफ' कमांड चाळीस टक्के जागा मोकळी दाखवते आणि तरी फाइल तयार होत नाही. तेव्हा संपलेले असतात आयनोड, म्हणजे फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदी. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीममध्ये डिस्क फॉरमॅट करताना, वेगळं काही सांगितलं नसेल, तर साधारण प्रत्येक १६ केबीमागे एक आयनोड ठरवला जातो आणि प्रत्येक फाइलला, कितीही लहान असो, एक लागतो. नोडच्या प्रकल्पातलं मॉड्यूलचं फोल्डर लाखभर बारीक फायलींचं सहज होतं. अशी दहा-वीस वर्कस्पेस साठली की आयनोड संपतात. 'डीएफ' ला आय हा पर्याय लावला की हे दिसतं. आणखी एक: मोठी लॉग फाइल कुणी पुसली, पण ती उघडून बसलेली प्रक्रिया अजून चालू आहे, तर जागा मोकळी होत नाही. 'एलएसओएफ' ने अशा पुसलेल्या पण उघड्या फायली सापडतात. एजंटवर १ जीबीपेक्षा कमी जागा उरली की जेंकिन्स आपणहून त्याला ऑफलाइन करतो. ही त्याची ठरलेली मर्यादा आहे, मोठ्या प्रकल्पांना ती फार कमी पडते. मी ती १० जीबी ठेवतो.

चौथा फरक बाहेरच्या जगाचा. बिल्ड एकटा कधीच नसतो, तो दर वेळी इंटरनेटवरून काहीतरी आणतो. २२ मार्च २०१६ रोजी एका लेखकाने एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्टच्या पॅकेज भांडारावरून, 'लेफ्ट-पॅड' नावाचं ११ ओळींचं पॅकेज काढून घेतलं आणि जगभरातले हजारो बिल्ड पडले. १५ जानेवारी २०२० पासून मेवन सेंट्रल या जावा लायब्ररींच्या भांडाराने साधं एचटीटीपी बंद केलं, तेव्हा जुन्या सेटिंग फायली असलेले जॉब एका रात्रीत ५०१ हा एरर दाखवू लागले. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या साइटना प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेच्या साखळीतलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र मुदतबाह्य झालं आणि जुनं ओपनएसएसएल असलेले एजंट चांगल्या साइटवरही अविश्वास दाखवू लागले. २४ मार्च २०२३ रोजी गिटहबने आपली आरएसए होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली) बदलली, तेव्हा एसएसएचवरून कोड आणणारे जॉब 'होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड' म्हणून थांबले. अशा दिवशी तुमच्या कोडमध्ये शोधून काही मिळत नाही. एकाच वेळी एकमेकांशी संबंध नसलेले जॉब पडले, की आधी बाहेर पाहा.

तुमच्या मध्यरात्रीशी थेट जुळणारी गोष्ट डॉकर हबची, म्हणजे कंटेनरच्या इमेजच्या सार्वजनिक भांडाराची आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये डॉकर हबने लॉगिन न करता इमेज ओढणाऱ्यांना एका आयपी पत्त्यामागे ६ तासांत १०० अशी मर्यादा घातली. कंपनीचे सगळे एजंट बाहेर एकाच आयपीने दिसतात, म्हणजे पुण्याच्या ऑफिसातले सगळे जॉब एकाच कोट्यातून खातात. १२ वाजता सगळे एकदम इमेज ओढू लागले की शेवटच्या काहींना 'टू मेनी रिक्वेस्ट्स' मिळतं. लॉगिन करून ओढा किंवा आतमध्ये आपली मिरर रजिस्ट्री (इमेजच्या प्रतींचं स्वतःचं भांडार) ठेवा. मेवन, एनपीएम या सगळ्यांसाठीच आतली रिपॉझिटरी असावी, हे माझं ठाम मत आहे. तिचा खर्च कुणाला जड वाटला तर वर्षभरातल्या पडलेल्या रात्री मोजून दाखवा.

मेवनमध्ये आणखी एक खोच आहे. एखादी लायब्ररी एकदा मिळाली नाही की मेवन ते अपयश स्थानिक रिपॉझिटरीत लिहून ठेवतो आणि काही काळ पुन्हा विचारतच नाही. नेटवर्क सुरळीत झालं तरी त्या एजंटवर जॉब पडत राहतो, दुसऱ्या एजंटवर चालतो. लॉगमध्ये 'धिस फेल्युअर वॉज कॅश्ड' हे शब्द शोधा आणि मोठा यू हा पर्याय लावून बिल्ड चालवा. एकाच एजंटवरचे दोन जॉब एकच स्थानिक रिपॉझिटरी वापरत असतील, तर अर्धवट उतरलेली जार फाइल (जावा लायब्ररीची फाइल) दुसऱ्याच्या वाट्याला येऊ शकते. त्यांच्या रिपॉझिटरी वेगळ्या करा.

वर्कस्पेसमध्ये राहिलेल्या जुन्या फायली, आधीच्या जॉबने मागे सोडलेली आणि पोर्ट ८०८० अडवून बसलेली प्रक्रिया, मुदत संपलेलं टोकन, ही नेहमीची मंडळी आहेत. स्वच्छ वर्कस्पेसमध्ये एकदा चालवून पाहिलं की पहिली ओळखू येते, बाकीच्या दोघांचा संदेश लॉगमध्ये स्पष्ट असतो.

उलट्या बाजूचा एक धोकाही सांगतो, कारण तो लाल रंगापेक्षा वाईट आहे. जेंकिन्सची शेल पायरी पहिली कमांड फसली की थांबते. पण कुणी मेवनचं आउटपुट 'टी' कमांडकडे पाइप करून फाइलमध्ये साठवत असेल, तर शेल पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा निकाल धरतं. 'टी' सहसा यशस्वीच होतो. चाचण्या पडल्या तरी जॉब हिरवा! स्क्रिप्टमध्ये पाइप दिसला तर ती बॅशवर चालवून 'पाइपफेल' (पाइपमधली कोणतीही कमांड फसली तरी अपयश धरणारा पर्याय) लावला आहे का ते तपासा.

आता 'रीट्राय' बद्दल, कारण वरिष्ठ तेच सुचवतील. इमेज ओढणं, लायब्ररी उतरवणं, गिटवरून कोड आणणं या बाहेरच्या कामांभोवती दोन-तीनदा रीट्राय लावायला माझी हरकत नाही. चाचण्यांभोवती मात्र लावू नका. गूगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडच्या साधारण १६ टक्के चाचण्यांत काही ना काही डळमळीतपणा आहे. म्हणजे हा आजार कुणालाच चुकलेला नाही आणि तुमच्या टीमला त्याची लाज वाटायचं कारण नाही. पण डळमळीत चाचणी वेगळ्या जॉबमध्ये काढावी, तिच्यावर एका माणसाचं नाव लिहावं, तारीख ठरवावी. रीट्रायच्या पांघरुणाखाली ती झाकली की आमच्या त्या मध्यरात्रीच्या व्यवहारासारखा खरा दोष तिच्याबरोबर झाकला जातो.

तुमच्या वरिष्ठांशी बोलताना 'रीरन चुकीचं आहे' असं म्हणू नका. त्यांच्यावर रिलीजचा ताण असतो. 'सर, रीरन करण्याआधी मला दहा मिनिटं द्या, एजंटवरच्या नोंदी घेतो,' एवढंच म्हणा. दहा मिनिटं कुणीही देतं.

आज रात्रीच्या जॉबच्या अगदी पहिल्या टप्प्यात या गोष्टी छापा: एजंटचं नाव, 'डेट' कमांडने यंत्राची वेळ आणि तीच कमांड कंटेनरच्या आत, 'फ्री' ने मेमरी, 'डीएफ' ने जागा आणि आयनोड, आणि जास्त मेमरी धरलेल्या पहिल्या दहा प्रक्रिया. चाचण्यांच्या टप्प्याआधी तेच पुन्हा छापा. जॉब पडला, तर सकाळी रीरनच्या आधी कर्नलच्या लॉगमधला १२ ते २ चा भाग आणि शुअरफायरच्या अहवालांचं फोल्डर बाजूला काढा. हे सगळं मला पाठवा. माझा अंदाज मेमरीचा आणि एकदम उठणाऱ्या जॉबचा आहे. कर्नलच्या लॉगमध्ये 'किल्ड प्रोसेस' नसेल आणि दोन घड्याळांच्या तारखा वेगळ्या असतील, तर आपण चाचण्यांमधला 'आज' कुठून येतो ते एकत्र पाहू.